अजिनोमोटोला घाबरता, मग कालच्या भाताला का नाही?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचा डेटा ऐन वेळी दम तोडतो, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं", "हां" तेवढे काढलेत.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे सुचला. बोईसरला एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करणारा एक मुलगा आहे. चौघांत मिळून एक खोली, खोलीत गॅस नाही. रात्री सुटल्यावर समोर जे उघडं असेल ते खायचं. आणि त्या वेळी उघडी असते ती चायनीजची गाडी. तो म्हणतो, "दादा, आठवड्यातून चार रात्री शेजवान राईस खातो. घरी सांगितलं की आई ओरडते, त्यात अजिनोमोटो असतं, कॅन्सर होईल. खरंच होतं का? नीट सांगा, कारण मला दुसरा पर्याय नाहीये."

शेवटचं वाक्य मला लागलं. "बाहेरचं खाऊ नको, घरचं खा" हे उत्तर त्याच्या काही कामाचं नाही. त्याचं घर लांब आहे आणि भूक जवळ आहे. म्हणून ठरवलं, त्याच्या त्या प्लेटमध्ये नक्की काय असतं, कशाला घाबरायचं आणि कशाला उगाच घाबरतो, हे सगळं नीट बघू.

हे चायनीज नक्की कुणाचं?

मी दातिवऱ्याचा. वैतरणेच्या मुखाशी आमचं गाव, खाडीपलीकडे अर्नाळा. आमच्याकडे चायनीज खायचं म्हणजे आधी सफाळ्याला जायचं. तिथून ट्रेन पकडून पालघर किंवा बोईसरला उतरलात तर मग निवडच निवड. लाल पाटी, त्यावर पिवळा ड्रॅगन, बाहेर तीन प्लास्टिकची टेबलं, आणि मेन्यूत चायनीज भेळ, मंचाव सूप, लॉलीपॉप, ट्रिपल शेजवान. हाफ किंवा फुल. आता गंमत अशी, की यातला एकही पदार्थ चीनमधून आलेला माणूस ओळखणार नाही.

मंचुरियनच घ्या. मांचुरिया हा चीनचा ईशान्येकडचा भाग. तिथे मंचुरियन नावाचा पदार्थ नाही. तो आपल्या मुंबईत जन्मला. नेल्सन वँग नावाचा कोलकात्यात वाढलेला चिनी वंशाचा शेफ 1970च्या दशकात मुंबईत आला. 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करताना कुणी तरी "काही तरी नवीन दे" म्हणालं, तेव्हा त्याने आलं, लसूण, हिरवी मिरची परतून सुरुवात केली. म्हणजे सुरुवात अगदी आपल्या रश्श्यासारखी. पण गरम मसाला न घालता सोया सॉस ओतला, कॉर्नफ्लॉवरने दाटपणा आणला, आणि त्यात चिकनचे तुकडे टाकले. ही गोष्ट तो स्वतःच सांगत आलाय. त्या चिकनची पुढे गोबी झाली, गोबीचा कोबी झाला, आणि तो कोबी आपल्या नाक्यापर्यंत आला.

शेजवानची गोष्ट तर अजून मजेशीर. सिचुआन हा चीनचा एक प्रांत. त्याच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगचं आपण शेजवान केलं. मुंबईत ती चव आणली ती ताजमहाल हॉटेलच्या गोल्डन ड्रॅगनने, पुन्हा 1970च्याच दशकात. खऱ्या सिचुआनी जेवणात मिरचीबरोबर एक छोटं फळ असतं, जीभ झिणझिण्या आल्यासारखी बधिर करणारं. नाक्यावरच्या लाल चटणीत ते शोधूनही सापडणार नाही. तिथे असते सुकी मिरची, ढीगभर लसूण, तेल, व्हिनेगर. पण त्या फळाचा सख्खा चुलतभाऊ कोकणात आहे, आपलं तिरफळ! दोघंही एकाच कुळातले. म्हणजे तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या आमटीत जेवढं सिचुआन आहे, तेवढं आपल्या शेजवान राईसमध्ये नाही.

आणि हक्का नूडल्स? हक्का ही चीनमधली एक जमात. त्यांच्यातले पुष्कळ लोक कोलकात्यात आले, टँगरा भागात चामड्याचे कारखाने काढले, मग खानावळी काढल्या. नूडल्सला त्यांचं नाव चिकटलं. मुंबईतही चिनी वस्ती होती, गोदीच्या आसपास. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ माझगावात त्यांचं 1919 सालचं देऊळ अजून उभं आहे. सी यप कून त्याचं नाव. कधी हार्बर लाईनने गेलात तर बघून या.

मग ही माणसं गेली कुठे? 1962चं युद्ध झालं, आणि भारतात जन्मलेल्या, इथेच वाढलेल्या चिनी वंशाच्या लोकांवर संशय आला. जवळपास 3000 जणांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं. त्यात म्हातारे होते, शाळेतली पोरं होती. काही जण तर युद्ध संपल्यावरही अनेक वर्षं तिथेच होते. कुणावर हेरगिरीचा आरोप सिद्ध झाला म्हणून नाही, फक्त चेहरा आणि आडनाव बघून. सुटून आल्यावर कित्येकांचं घर नव्हतं, धंदा नव्हता. पुष्कळ जण कॅनडाला निघून गेले. यावर जॉय मा आणि दिलीप डिसूझा यांचं "द देवळीवालाज" हे पुस्तक 2020 साली आलंय. इंग्रजीत आहे, पण मिळालं तर जरूर वाचा.

हे मी खाण्याच्या भागात का सांगतोय? कारण भीती चुकीच्या जागी जाऊन बसली की काय होतं, ते लक्षात राहावं म्हणून. पुढची गोष्टही तशीच आहे.

भीती नंबर एक: अजिनोमोटो

1908 साली किकुनाए इकेदा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सुपातून एक चव वेगळी काढली. गोड नाही, खारट नाही, आंबट नाही, कडू नाही. तिला नाव दिलं उमामी. ती येते ग्लुटामेटमुळे. पुढच्याच वर्षी त्याची पावडर बाजारात आली, ब्रँडचं नाव अजिनोमोटो. शास्त्रीय नाव मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे एमएसजी. आपण ब्रँडचंच नाव वस्तूला देऊन टाकलं, जसं वनस्पती तुपाला डालडा.

आता ग्लुटामेट ही काही कारखान्यातच तयार होणारी भानगड नाही. पिकलेल्या टोमॅटोत असतं. चीजमध्ये असतं. आईच्या दुधातही असतं. आमच्या किनाऱ्यावर बांबूंवर सुकत घातलेले बोंबील किंवा सुकट भाजली की घरभर जो वास सुटतो आणि तोंडाला पाणी सुटतं ना, त्या चवीत याच उमामीचा हात आहे. पालघरच्या किनाऱ्यावरची मांगेली, वाडवळी घरं हे नाव माहीत नसतानाही पिढ्यान्‌पिढ्या उमामी खातायत.

मग कॅन्सरचं काय? एमएसजीने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही. भीती सुरू झाली 1968 साली. अमेरिकेतल्या एका डॉक्टरने तिथल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाला एक पत्र लिहिलं. चिनी हॉटेलात जेवलो की मानेला बधिरपणा येतो, धडधडतं, कशामुळे असेल? सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, मीठ, एमएसजी असे अनेक अंदाज त्याने केले होते. पत्राला मथळा मिळाला "चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम", आणि सगळं खापर एमएसजीवर फुटलं. ध्यानात घ्या, तेच एमएसजी अमेरिकेतल्या डबाबंद सुपात होतं, चिप्समध्येही होतं. पण "चिप्स सिंड्रोम" असं कुणी म्हटलं नाही. बदनाम झालं ते चिनी हॉटेल.

नंतर रीतसर प्रयोग झाले, म्हणजे खाणाऱ्याला माहीतच नाही की आपल्या पुढ्यातल्या अन्नात एमएसजी आहे की नाही. तेव्हा तो त्रास सातत्याने दिसेना. रिकाम्या पोटी, अन्नाशिवाय, एकदम 3 ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतलं तर काही जणांना थोडा वेळ डोकेदुखी, घाम, धडधड असं होऊ शकतं, एवढं दिसलं. गाडीवरच्या प्लेटमध्ये साधारण एक चिमूट, फार तर अर्धा चमचा, तेही जेवणाबरोबर. तुम्हाला खाऊन दरवेळी त्रास होत असेल तर "अजिनो नको" म्हणा, कारागीर ऐकतो. बाकीच्यांनी झोप उडवून घेऊ नये.

आपल्या आयांच्या मनात हा शब्द पक्का बसायला 2015 सालच्या मॅगी प्रकरणाने मदत केली असणार. तेव्हा वाद दोन होते. एक शिशाचा, आणि दुसरा "एमएसजी घातलेलं नाही" असं पाकिटावर छापल्याचा. पुढे ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. पण घराघरांत लक्षात राहिलं ते एवढंच: अजिनोमोटो म्हणजे विष.

खरी काळजी: भात

आता तुम्हाला सांगतो, त्या गाडीवर मी स्वतः कशाकडे बघतो. भाताच्या टोपाकडे.

फ्राइड राईस ताज्या भाताचा होत नाही. गरम भात ओला असतो, कढईत टाकला की गोळा होतो. थंड झाला की त्यातला स्टार्च घट्ट होतो, दाणा दाणा सुटा राहतो. म्हणून भात दुपारीच शिजवून ठेवतात, कधी आदल्या दिवशीचा असतो. आणि घोळ इथेच आहे.

तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा एक जिवाणू असतो. त्याचे बीजाणू म्हणजे चिलखत घातलेलं बी समजा. भात शिजला तरी ते मरत नाहीत. शिजलेला भात टोपात तसाच झाकून बाहेर राहिला, तर ते जागे होतात, वाढतात, आणि विष तयार करतात. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस ही त्यांची आवडती जागा, म्हणजे आपला पालघरचा कुठलाही दिवस. आणि मुख्य मुद्दा: ते विष परतून जात नाही. कारागिराने फुल आगीवर कढई उडवली, ज्वाळा वर आल्या, आपल्याला वाटलं सगळे जंतू मेले. जंतू मेले असतील, विष तसंच राहतं. मग खाल्ल्यावर तास ते सहा तासांत उलट्या.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये असे उलट्यांचे प्रकार लागोपाठ झाले, तेव्हा धागा चायनीज हॉटेलांतल्या फ्राइड राईसपर्यंत पोचला. पण त्यातही चायनीज असणं हे कारण नव्हतं. कारण होतं, शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर ठेवणं. म्हणजे आपला फोडणीचा भातसुद्धा त्याच नियमात येतो! रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवला, सकाळी कांदा-मिरचीवर परतला, तर बॅसिलसला काही कळत नाही की हे घरचं आहे. रात्रीच फ्रिजमध्ये गेला असेल तर गोष्ट वेगळी.

बोईसरला मी ज्या गाडीवर जातो, तिथला कारागीर भात शिजला की मोठ्या परातीत पातळ पसरतो, वर पंखा लावतो, आणि निवला की डबे भरून बर्फाच्या पेटीत टाकतो. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाला, "सेठ ने नहीं, मेरे चाचा ने। भात गड़बड़ हुआ तो ग्राहक वापस नहीं आता।" उत्तर बंगालमधल्या अलीपूरद्वारचा आहे तो. भारतीय नागरिक, आधार कार्ड, मतदान, सगळं आहे. तरी शेजारच्या टेबलवरून हाक येते, "ए चायना, एक हाफ दे रे." तो हसतो आणि देतो. मला नाही हसू येत. 1962 साली हेच झालं होतं, फक्त हाक मारणाऱ्याच्या हातात तेव्हा सरकारी कागद होता. आपण "भाऊ" म्हणू शकतो, "दादा" म्हणू शकतो. त्याला पैसे पडत नाहीत.

तेल, रंग आणि मीठ

मंचुरियनचे गोळे आणि लॉलीपॉप दुपारीच एकदा तळून ठेवतात, ऑर्डर आली की पुन्हा तळतात. त्यामुळे तेल फार वेळा तापतं. अन्नसुरक्षेच्या नियमांत 1 जुलै 2018 पासून मर्यादा आहे: तेल बिघडल्यावर त्यात जी संयुगं तयार होतात, त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही. आता आपण काही गाडीवर यंत्र घेऊन जाणार नाही. पण डोळे आहेत. तेल काळपट आहे, वर फेस धरतंय, लगेच धूर सोडतंय, वास खवट आहे, तर त्या दिवशी तळलेलं मागवू नका. सूप घ्या, अंडा राईस घ्या.

रंगाची भानगड जास्त गंभीर. काही कृत्रिम रंग आपल्याकडे ठरावीक पदार्थांत, ठरावीक प्रमाणात चालतात. पण रोडामाइन-बी हा कपडे रंगवायचा रंग आहे, खाण्यात त्याला बंदी आहे. तो सापडल्यावर कर्नाटक सरकारने मार्च 2024 मध्ये गोबी मंचुरियनवर कारवाई केली. गोव्यात म्हापशाच्या नगरपालिकेने तर त्याच सुमाराला गोबी मंचुरियनच्या स्टॉल्सनाच विरोध केला, अस्वच्छता आणि रंगाचं कारण देऊन.

घरी एक सोपी गोष्ट करून बघा. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. लॉलीपॉपचा तुकडा ग्लासभर साध्या पाण्यात टाका. पाणी झटकन गुलाबी-लाल झालं, तर तो रंग मिरचीचा नाही, वरून घातलाय. तो परवानगी असलेला आहे की नाही हे यातून कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. पण "इतकं लाल कशाला?" हा प्रश्न विचारायला एवढं पुरेसं आहे. आणि खरं सांगू? ग्राहकाला लाल हवं असतं म्हणून गाडीवाला लाल करतो. आपण "रंग न टाकता दे" म्हणायला लागलो, तर त्याचा रंगाचा खर्च वाचतो.

राहिलं मीठ. याच्याबद्दल कुणी बोलतच नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा. एक मोठा चमचा सोया सॉसमध्येच साधारण दोन-अडीच ग्रॅम मीठ असतं, ब्रँडप्रमाणे कमीजास्त. वर वेगळं मीठ, शेजवान चटणी, अजिनो. गंमत म्हणजे अजिनोमोटोत सोडियम साध्या मिठाच्या साधारण एक तृतीयांशच असतं. म्हणजे घरात कुणाला बीपी असेल आणि तुम्ही त्यांच्यासाठी पार्सल नेत असाल, तर "अजिनो नको"च्या आधी "सॉस कमी" म्हणा.

मग त्या मुलाला काय सांगायचं?

मित्रा, तुझ्यासाठी हे.

एक. गाडी निवडताना नाव बघू नकोस, भात बघ. परातीत पसरलेला किंवा थंड पेटीतला भात चालेल. दुपारपासून बंद टोपात वाफाळून कोमट झालेला भात नको. शंका आली तर त्या दिवशी नूडल्स घे.

दोन. गर्दीची गाडी बरी. कारण तिथे माल पडून राहत नाही.

तीन. पाटीवर किंवा गाडीवर एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर आहे का बघ. नंबर म्हणजे स्वच्छतेची हमी नाही, पण काही झालं तर कुणाला विचारायचं ते कळतं. तक्रारीसाठी फूड सेफ्टी कनेक्ट नावाचं ॲप आहे.

चार. चार रात्रींपैकी दोन रात्री तळलेलं टाळ. अंडा राईस, जास्त कोबी-गाजर, सॉस कमी. पार्सल नेलंस तर लगेच खा. अर्धं उद्यासाठी खोलीत ठेवू नकोस, तुमच्याकडे फ्रिज नाही.

पाच. उलट्या झाल्या तर पाणी आणि ओआरएस घे. पाणीही पोटात टिकत नसेल, चक्कर येत असेल, ताप चढला तर शिफ्टची काळजी न करता डॉक्टरकडे जा.

आणि आईला फोनवर सांग: "आई, अजिनोमोटोने कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण तू म्हणतेस म्हणून मी भात बघून खातो." ती ओरडते ते काही त्या पांढऱ्या पावडरीसाठी नाही. तू लांब आहेस, तुझ्या ताटात काय पडतंय ते तिला दिसत नाही, म्हणून ओरडते. तिला दिसेल असं सांग. पाहिजे तर परातीतल्या भाताचा फोटो पाठव.

चला मंडळी, आजचा भाग इथेच थांबवतो. तुमच्या नाक्यावरचा कारागीर भात कसा ठेवतो, हे बघून मला व्हॉइस नोट पाठवा. आणि जाताना त्याला त्याचं नाव विचारा, म्हणजे पुढच्या वेळी नावाने हाक मारता येईल. भेटू पुढच्या भागात!